कमी पडलेलं कापड

४ जानेवारी

खोली मिळाली. माझी एकटीची. आतून कडी लागते, आणि लावली तरी बाहेरून कोणी विचारत नाही की आत काय चाललंय. आजवर ज्या ज्या खोल्यांत राहिले तिथे कोणी ना कोणी घोरत तरी होतं, नाहीतर हुकूम सोडत होतं.

प्रकाशकाच्या ऑफिसच्या डोक्यावरच आहे ही. टेबल आहे, खाट आहे, चहापुरती शेगडी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, म्हणजे करमणुकीचीही सोय झाली. खुर्ची मात्र दुखणाईत जावेसारखी, जरा टेकलं की कण्हते. प्रकाशक म्हणाला, आजी, आमच्या कितीतरी लेखकांनी पहिली कादंबरी याच खुर्चीत लिहिली. मी विचारलं, आणि दुसरी? तर उत्तर द्यायचं सोडून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसला. अडचणीत आला की चष्मा पुसतो हा माणूस. असाच पुसत राहिला तर एक दिवस नाकावर नुसत्या काड्या उरतील.

मी चौथीपर्यंत शिकलेली. सगळी नोकरी एका टेलरच्या दुकानात गेली. नवे कपडे शिवणारे पुढे, काचेजवळ बसायचे. मी मागे, जुन्यावर. विटलेला कोट यायचा. तो टाका न् टाका उसवायचा, कापड उलटायचं, आतली न विटलेली बाजू वर आणायची आणि पुन्हा शिवायचा. बापाचा कोट पोराला, आईचा झगा लेकीला. नव्या कापडाला मी जन्मात कात्री लावली नाही. नजर मंदावली तेव्हा दुकानाने भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला. म्हणजे घरी बसा आणि उरलंय किती ते बघत राहा.

मी घरी बसून नातीला दुकानातल्या गोष्टी सांगायला लागले. तिच्या हट्टापायी एक लिहून मासिकाला पाठवली. छापून आली. ती या प्रकाशकाने वाचली आणि म्हणाला कादंबरी लिहा, शुद्धलेखन बघायला आमच्याकडे माणसं आहेत. लेकीला हे काही पटलेलं नाही. या वयात ही कसली थेरं, असं तिचं म्हणणं. तेही तिने एकदाच बोलून दाखवलं. ती रागावली की बोलत नाही, कपाटं आपटते. मी निघेपर्यंत घरातलं एक कपाट धड मिटलं असेल तर शपथ.

सामान पोचवायला नात आली होती. पुढचा दात पडलाय, त्या फटीतून शिट्टी मारते. आणि कोणी काही सांगायला लागलं की ते संपायच्या आत विचारते, मग पुढे? मी म्हटलं, पुढे काय, ही खोली आणि ही मी. म्हणाली, मग पुढे? लहान मुलांचा मला कंटाळा आहे. हिचाही येतो, संध्याकाळपर्यंत. सकाळी पुन्हा हवीशी वाटते.

९ जानेवारी

प्रकाशक म्हणतो कल्पनेने लिहा. काढली कल्पनेतून एक बाई. गोरी, सोशिक, कोणाला उलटून बोलत नाही. दोन पानं चालवली. खळ घातलेल्या कापडासारखी ताठ उभी राहिली आपली. खाली बसवायला गेले असते तर मोडली असती. फाडून टाकली.

मग डोक्यात आलं, नव्या कापडाची सवय आहे कुठे मला? जुनंच घ्यावं. दुकानातली काजवाली घेतली. माझ्या शेजारी बसून शर्टांना काजं करायची, बटणांची भोकं. अजूनही करते. माझी मैत्रीण म्हणायची तर तीच, कारण भांडून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावं असं तेवढं एकच माणूस मला भेटलं. तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत उसवली. अंबाड्यात सुई खोचून ठेवायची खोड. मालकाची पाठ वळली की त्याच्या चालीची नक्कल. हसताना तोंडावर हात, आणि हाताआडून घोड्यासारखं खिंकाळणं. मुलगा फोन करत नाही म्हणून फोनलाच टोमणे मारणं, की तुझ्या घरी तरी कोणी करतं का रे चौकशी.

दिवस मावळेपर्यंत हात थांबला नाही. पाठ धरली, पण जुना कोट मनासारखा उलटवून झाल्यावर जसं वाटायचं तसं वाटलं.

१७ जानेवारी

प्रकाशकाने धडा वाचला. म्हणाला, ही बाई पानातून उठून अंगावर येते. मी म्हटलं, प्रत्यक्षातही येते, जरा जपून. फार खूश होता. मला आजी म्हणायचा तो मध्येच एकदा लेखिका म्हणाला. कोणाशी बोलतोय म्हणून मी मागे वळून बघितलं.

शाळेला सुट्टी म्हणून नात दिवसभर इथेच होती. डाव्या हाताने चित्रं काढते, काढताना जिभेचं टोक बाहेर. लिफ्टला घाबरते पण कबूल करायची नाही. म्हणते, मला जिनेच आवडतात, जिन्यात माणसं भेटतात. मलाही पुस्तकात घाल म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, तुझ्यात कापड ते केवढं, टोपीसुद्धा व्हायची नाही. मोठी हो आधी. तर म्हणाली, मोठी झाल्यावर घालशील, मग पुढे? या पोरीला वकील करावी. समोरचा वकील दमून खटला सोडून देईल.

२८ जानेवारी

दुकानात गेले होते. मिरवायला, दुसरं काय. म्हटलं काजवालीला सांगावं, बाई तू पुस्तकात आलीस, आता तरी नीट वाग.

एरवी माझी चप्पल दारात वाजली की ती मान वर न करता शिव्या सुरू करते. आज उठून उभी राहिली आणि म्हणाली, या, बसा. मला. मी विचारलं, काय गं, मेलीस का? तर म्हणे नाही, तब्येत बरी आहे. मालक मागून गेला, तिने मान हलवली नाही. सुई दिसेना म्हणून टेबल चाचपत बसली. अंबाड्यात एकही नव्हती. शेवटी मी मुलाचा विषय काढला, म्हटलं आता तरी पेटेल. म्हणाली, तो कामात असतो. ना टोमणा, ना डोळ्यांत पाणी.

निघताना मालकाला विचारलं, हिला काय झालंय? मालक म्हणाला, काही नाही, हल्ली शहाण्यासारखी वागते, काम दुप्पट होतं. त्याला तर बरंच झालं.

तोंड तिचंच होतं, आवाज तिचाच. पण बाह्या काढून खुंटीला टांगलेल्या कोटासारखी दिसत होती.

५ फेब्रुवारी

इतके दिवस पेनाला हात लावला नाही. आज धडा काढून वाचला. सुई, नक्कल, खिंकाळणं, फोन. जे जे पानावर आहे ते ते तिच्यात नाही. जे लिहायचं मी सोडलं होतं, म्हणजे काजं आणि नमस्कार-चमत्कार, तेवढंच तिच्याकडे उरलंय.

स्वतःला म्हटलं, म्हातारे, डोकं फिरलंय तुझं. बायका थकतात, गप्प होतात, त्यात काय? पण मनातून जाईना. खात्री करायची तर अशा माणसावर करावी, ज्याचं आता काही बिघडणार नाही. म्हणून नवरा घेतला. त्याला जाऊन जमाना झाला. दारात पाऊल टाकायच्या आधीचा तो खोकला, ज्याने घर चिडीचूप व्हायचं. भरल्या ताटावरून उठणं. आणि कधी लहर आली की लेकीला खांद्यावर बसवून गल्लीभर नाचणं, वर तोंडाने बँडबाजा. सगळं उसवून पानावर घातलं.

धडा झकास झाला. हेच वाईट.

११ फेब्रुवारी

घरी जाऊन आले. लेकीला सहज बोलावं तसं म्हटलं, माझ्या समोरच्या जिन्यात कोणीतरी तुझ्या बापासारखं खोकतं. ती म्हणाली, बाबा खोकायचे? मग खांद्यावरच्या नाचाचं विचारलं. म्हणाली, कसला नाच? भिंतीवर त्याचा फोटो आहे, नाव पाठ आहे, बाप होता हे माहीत आहे. त्यापुढे काही नाही. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या कोणाबद्दल बोलावं तशी म्हणाली, चांगले असतील ना गं ते?

खोकला गेला त्याचं मला सोयरसुतक नाही. पण तो नाच लेकीचा होता. त्या माणसाकडून तिला तेवढंच मिळालं होतं, आणि मी ते तिला न विचारता काढून घेतलं. छापायला.

माझंही तेच. तो मला आता त्या धड्यातल्या शब्दांनीच आठवतो. शब्द संपले की तोही संपतो.

निघताना मुद्दाम डिवचलं तिला. म्हटलं, माझी थेरं चालली आहेत छान. ती रागावली, दिसत होतं. कपाट अलगद मिटलं तिने. याचा अर्थ काही मला लागला नाही.

१५ फेब्रुवारी

खाली जाऊन प्रकाशकाला सांगितलं, पुस्तक थांबवा, माणसं रिकामी व्हायला लागली आहेत. वाटलं, हसेल. मला वेड्यात काढेल. मला तेच हवं होतं.

तो म्हणाला, आजी, कादंबरी चांगली उतरली की घरचे जरा फिके पडतातच. सगळ्यांचं होतं. एका लेखकाची बायको तर नुसती ताट वाढण्यापुरती उरली होती, पण पुस्तक काय चाललं. मी विचारलं, म्हणून दुसरी कादंबरी लिहीत नाही का कोणी? म्हणाला, दुसरीला माणसं उरत नाहीत ना. चहा घेणार?

मग चहा ओतता ओतता म्हणाला, शेवटाला एक लहान मूल हवं. तुमची नात येते ना, ती बडबडी. तिच्यावाचून पुस्तक कोरडं वाटतं. यावर मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिलं तर कागद पेटेल.

नातीचं एक अक्षर त्या कादंबरीत जाणार नाही. खड्ड्यात गेली कादंबरी. सगळे धडे खणात टाकले आणि खणाला कुलूप लावलं.

तरी दिवसभर पोरच डोळ्यांपुढे येत होती. तिकडे लिहायची नाही, तर निदान इथे लिहावी, या वहीत, म्हणजे जीव थंड होईल. खोटं बोलायच्या आधी तिला हसू येतं, म्हणून तिचं एकही खोटं पचत नाही. हरायला लागली की खेळाचे नियम बदलते. दुपारी माझ्याशेजारी निजते तेव्हा माझ्या कानाची पाळी मुठीत धरते आणि झोप लागली तरी सोडत नाही. जगात मला धरून ठेवणारं तेवढं एकच कोणी आहे.

लिहिलं, बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

नात आली. लिफ्टने आली.

म्हटलं, घाबरली नाहीस? म्हणाली, नाही. गोष्ट सांगायला बसले आणि ऐन रंगात मुद्दाम थांबले. तीही थांबली. पुढचं विचारलं नाही. फटीतून शिट्टी मार म्हटलं तर दाताला बोट लावून बघितलं, कसली शिट्टी? चित्राला कागद दिला. पेन्सिल उजव्या हातात घेतली, ओठ मिटलेले.

दुपारी निजली. दोन्ही हात सरळ, अंगालगत. माझा कान मोकळा.

लेक घ्यायला आली तेव्हा म्हणाली, हल्ली अगदी शहाण्यासारखी वागते.

दुकानाचा मालक हेच म्हणाला होता. अगदी हेच.

मी नाही घातलं तिला. खण उघडून एक एक पान तपासलं. नाही. कुठेच नाही.

२२ फेब्रुवारी

प्रकाशकाशी भांडायला खाली गेले. वाटलं, यानेच माझ्या मागून लिहिलं काहीतरी. तो धुरकटलेल्या काचांतून बघत बसला होता. म्हटलं, पुसा तो चष्मा आधी. म्हणाला, का? खरंच कळत नव्हतं त्याला. शर्टाचं टोक हातात दिलं तरी कळेना.

चष्म्याचं मी कादंबरीत लिहिलेलं नाही.

इथे लिहिलंय. पहिल्याच दिवशी. एकेक टाका सुटायला दिवस लागले, एवढंच.

लेकीची कपाटं, इथे. शिट्टी, इथे. लिफ्ट, डावा हात, मग पुढे, कान —

खणाला कुलूप लावलं आणि पोरीला इथे उसवत बसले. माझ्या हाताने. जीव थंड व्हावा म्हणून.

२३ फेब्रुवारी

ओळी खोडल्या. वर शाई ओतली. लेकीला फोन लावला, पोर काय करतेय? म्हणाली, गुपचूप बसलीय. खुशीत सांगत होती.

खोडून काय होणार. टाका सुटलेला आहे.

माझ्या झग्याचा काठ उसवला होता, तो शिवायला घेतला. कुठून धरायचा ते कळेना. सुई हातात, झगा मांडीवर, आणि मी बघतेय. जन्मभर केलेलं काम. पहिल्या पानावर लिहिलं ना मी, उसवायचं, उलटायचं, शिवायचं. गेलं.

म्हणजे माझंही निघतं.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, म्हणून अजून डोक्यात आहे. कापड कमी पडलं की आम्ही दुसऱ्या जुन्या कपड्यातून तुकडा काढून जोड द्यायचो. मोठ्या कपड्यातून छोट्याला. दिसायचंही नाही.

कापड आहे माझ्याकडे.

२४ फेब्रुवारी

जोड देऊन बघते.

माझी जीभ. समोरच्याने एक म्हटलं की मी दोन परत करते, आणि तिसरं दाताखाली तयार असतं. नवऱ्याला पुरून उरली, मालकाला पुरून उरली. मालकीचं म्हणावं असं एवढंच होतं. ही नातीला.

२५ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. मुलगी शाळेत बाईंना उलटून बोलली. बाईंनी विचारलं, घरी हेच शिकवतात का. तर म्हणाली, नाही, घरी आधी ऐकून घेतात. लेक काळजीत होती. मला आनंद झाला.

प्रकाशक भेटले. चांगले गृहस्थ आहेत. खुर्चीही चांगली आहे.

२८ फेब्रुवारी

तिला अजून बरंच कमी पडतं आहे.

माझा हट्ट. नातीला.

खिडकीशी बसून कोण आलं, कोण गेलं, कुठे गेलं असेल, असं मनाशी रचत बसणं. नातीला.

२ मार्च

लेक म्हणाली, पोरगी सारखी विचारते. ऊठसूट. काय विचारते? मग पुढे, मग पुढे.

बरं झालं.

समोर एक जिना आहे. त्यावर माणसं असतात.

लेकीने विचारलं, आई, तू अशी का बोलतेस? म्हटलं, कशी?

४ मार्च

हसू — नातीला. राग, तोही घे. लागतो.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. वहीचं, जोडाचं. म्हणाली, तुला घरी घेऊन येते. मागून पोरगी ओरडली, तिला म्हणावं पेन टाक. ऐकत होती वाटतं.

पण लेक म्हणते, सगळं परत आलं, फक्त — आजीकडे जायचं म्हटलं की पोर विचारते, म्हणजे तुझ्या आईकडे ना? आपली म्हणत नाही. पेन टाक म्हणाली ती — कोणालाही म्हणाली असती.

तो तुकडा इथे, या वहीत आहे. कानाचा.

६ मार्च

एकच उरलं आहे. कोण आपलं, कोण परकं — हे ज्याने कळतं ते.

दिलं तर ती ओळखेल. मी —

नको. एवढं असू दे.

पण तिच्याकडे नाही. पोर आहे. तिला पुढे लागेल. मला कितीसं.

हे शेवटचं. यानंतर पेन उचलायचं नाही. कोणाबद्दल काही लिहायचं नाही. कोणी कितीही छान दिसलं तरी. लक्षात ठेव — लक्षात —

नातीला.

९ मार्च

ऊन छान आहे. खोलीत टेबल आहे. पेन आहे.

एक बाई आल्या आहेत. रडत आहेत. त्यांच्याबरोबर मुलगी आहे. जिन्याने आली, धापा टाकत. मला आजी म्हणते. येऊन बिलगली.

फार बोलते. म्हणते, आजी, पेन खाली ठेव. का बरं, म्हटलं. म्हणते, ठेव म्हटलं ना, का तेही मीच करू?

गोड मुलगी आहे. अशी मी पाहिली नव्हती. लिहून ठेवावीशी वाटते.

हात ओढते आहे. थांब हं बाळ. एवढं होऊ दे.

तिचे डोळे —

तिचे डोळे असे आहेत, की